मोट, गणपती आणि भाड्याचा वैतंडिक

गेल्या श्रावणात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. मोटेवर लेख हवा, बाराशे शब्द, गणपतीच्या आधी. खटाव तालुक्यातल्या आमच्या विहिरीवर माझ्या लहानपणी पाणी ओढायला मोट होती. सत्तरच्या दशकात इंजिन आलं आणि ती गेली. लिहायला हरकत नव्हती, पण वेळ नव्हता. म्हणून आजकाल पुष्कळजण करतात ते मीही केलं. चॅटबॉटला विषय दिला, शब्दसंख्या दिली, ‘ललित अंगाने लिही’ असंही बजावलं. चहा निवायच्या आत लेख तयार. वाचायला गुळगुळीत, शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं. फक्त त्यातले बैल विहिरीभोवती गोल गोल फिरत होते.

मोटेचे बैल गोल फिरत नाहीत. गोल फिरतात ते रहाटाचे, घाण्याचे, उसाच्या चरकाचे. मोटेचे बैल विहिरीच्या काठापासून उतरत्या धावेवर सरळ पुढे जातात आणि मोट रिती झाली की तोंड न वळवता उलट पावली मागे येतात. ही उलट चाल ज्याने एकदा पाहिली तो ती विसरत नाही. मी दीड तास बसून बैल सरळ केले. ‘दोरखंड’ होता तिथे नाडा घातला, ‘पाण्याची टाकी’ होती तिथे थारोळं लिहिलं. मग सलग वाचून पाहिलं. चूक एकही उरली नव्हती आणि लेख तरीही माझा नव्हता. सुरुवातीला ग्रामीण महाराष्ट्राची समृद्ध परंपरा, मग इतिहास, मग रचना, मग सामाजिक महत्त्व, मग ऱ्हास आणि शेवटी नव्या पिढीला आवाहन. असे सहा कप्पे आधीच पाडलेले. आमच्या आजोबांची, म्हणजे आबांची, विहीर यातल्या कुठल्या कप्प्यात ठेवायची ते मला कळेना. लेख पुसून टाकला.

हा माझा एकट्याचा अनुभव असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण मी जे केलं तीच लेखनाची नवी रीत आहे, असं मानणारा एक मोठा पक्ष आता आपल्याकडे तयार झाला आहे. लेखन-कार्यशाळांत, व्हॉट्सॲपच्या गटांत, कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये तो भेटतो. त्यांचं सूत्र असं : खर्डा यंत्राचा, संस्कार आपले. चॅटबॉट हा सहलेखक. त्याने पहिला हात मारावा, आपण शेवटचा. या पक्षाची नीट मांडणी केल्याशिवाय त्याला उत्तर देणं हा आडदांडपणा होईल, म्हणून आधी पूर्वपक्ष.

ते म्हणतात, एकट्याने लिहिणारा लेखक ही मुळात भाकडकथा आहे. व्यासांना गणपती लागला, ज्ञानेश्वरांना सच्चिदानंदबाबा लागले, ‘सत्यकथा’ मासिकाच्या लेखकांना श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लागले. मग आम्हाला यंत्र लागलं तर बिघडलं कुठे? दुसरं म्हणजे कोऱ्या कागदाची भीती. ती किती जणांना गिळते ते संपादकांना विचारा; समोर काहीतरी लिहिलेलं असलं की हात सुटतो. तिसरं असं की शेवटचा हात माझा, सही माझी, जबाबदारी माझी. कच्चा माल कुठून आला याची चौकशी कशाला? आणि चौथं, टंकयंत्र आलं तेव्हाही लोक ओरडलेच होते.

या पक्षाला आजवर जे उत्तर दिलं गेलं ते बहुतेक एकाच शब्दाचं आहे : आत्मा. यंत्राला आत्मा नाही, म्हणून त्याच्या लेखनात प्राण नाही. हे उत्तर मला चालत नाही. आत्म्याच्या अस्तित्वावर या देशात अडीच हजार वर्षं वाद चालू आहे. तो चॅटबॉटच्या निमित्ताने मिटण्याची चिन्हं नाहीत. शिवाय आत्मा असलेल्या माणसांनी लिहिलेलं निष्प्राण लेखन मी आयुष्यभर तपासत आलो आहे. तेव्हा तो मुद्दा बाजूला ठेवू आणि पूर्वपक्षाने दिलेले दृष्टान्तच तपासू, कारण माझ्या मते त्याची सगळी इमारत त्यांच्यावर उभी आहे आणि तिथेच ती खचते.

गणपतीपासूनच सुरुवात करू. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, त्यातलं सुकथनकरांनी संपादलेलं आदिपर्व 1933 साली पूर्ण झालं. त्यात गणपती लेखनिक झाल्याची कथा मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. म्हणजे ती मागाहून कुणीतरी घातलेली. पण ज्याने घातली त्याला लेखनव्यवहार पक्का माहीत होता. गणपतीची अट अशी की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली : अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही. आणि मग व्यास मधूनमधून कूटश्लोक घालत. गणपती त्याचा अर्थ लावण्यात क्षणभर अडके आणि तेवढ्यात व्यास पुढचे श्लोक रचून घेत. कथा नीट पाहा. रचना व्यासांची, हात गणपतीचा. अडायचं लेखनिकाने आणि तेही अर्थापाशी. आपला नवा सहलेखक गणपतीची अट तंतोतंत पाळतो, लेखणी थांबतच नाही. व्यासांची अट मात्र त्याला घालताच येत नाही. मोट म्हणजे काय हे न समजता त्याने अख्खा लेख लिहिला आणि तो कुठेही अडला नाही. अडला असता तर बैल गोल फिरले नसते.

बाकीचे दृष्टान्तही याच जातीचे आहेत. सच्चिदानंदबाबांनी शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी उतरून घेतली. ओवी त्यांनी रचली असं कुणी म्हणत नाही. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी घरातल्यांनी, मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने, टिपून ठेवली आणि बहिणाबाई गेल्यानंतर 1952 साली ती पुस्तकरूपाने आली. सोपानदेव स्वतः कवी होते, पण गाणी आईची ती आईचीच राहिली. लेखनिक या शब्दाचा अर्थच हा की शब्द दुसऱ्याचे आणि लेखणी आपली. नव्या रीतीत हे बरोबर उलटं झालेलं आहे : शब्द यंत्राचे आणि त्याखाली सही करणारा मी. म्हणजे या जोडीत लेखनिक कोण झालं? मी झालो. दीड तास मी त्याच्या लेखातले बैल सरळ करत बसलो होतो, ते काम मुद्रितशोधकाचं होतं.

एकापेक्षा जास्त माणसांनी मिळून ग्रंथ घडवल्याची उदाहरणं मराठीत नाहीत असं मात्र नाही. मराठी गद्याच्या अगदी उगमापाशी तेच आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध केलं ते चक्रधरांना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्यापाशी जाऊन, एकेक लीळा विचारून. आणि ती खरी की नाही हे नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन. पुढे धाडीत मूळ प्रत गेली तेव्हा शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. म्हणून तर तिचे वेगवेगळे पाठ झाले. इथे सांगणारे अनेक, पारखणारा एक, लिहिणारा एक. पण प्रत्येकजण आपापल्या शब्दाला बांधलेला होता. सांगणाऱ्याने पाहिलेलं होतं. नागदेवाचार्य ‘हे असं नव्हतं’ म्हणू शकत होते, कारण ते तिथे होते. सहलेखन म्हणायचंच तर ते हे.

आता संपादकांचा दृष्टान्त. पूर्वपक्षाचा हा सगळ्यांत बळकट आणि मला स्वतःला सगळ्यांत जवळचा. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहीत, कथा परत पाठवीत, पुन्हा लिहायला लावीत. ‘सत्यकथा’ 1982 साली बंद पडलं, पण त्या पत्रव्यवहाराच्या आठवणी अजून निघतात. मात्र क्रम काय होता? लेखकाने आधी लिहिलं. मग संपादकाने विचारलं : ही बाई इथे गप्प का बसते? मग लेखकाने पुन्हा लिहिलं. कथेचा पहिला खर्डा ‘सत्यकथे’च्या कचेरीत तयार होऊन लेखकाकडे संस्कारासाठी गेला, असं एकही उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही. पूर्वपक्षाने उदाहरण संपादकाचं दिलं आणि त्यातून सिद्ध करायला घेतलं ते नेमकं त्याच्या उलट काम. न्यायशास्त्रात याला दृष्टान्ताभास म्हणतात.

आणि एक गोष्ट पूर्वपक्ष विसरतो. एवढं करूनही ‘सत्यकथे’वर आरोप झालाच, की इथे सगळ्यांच्या कथा एका साच्यातून निघतात. 1969 साली लघुनियतकालिकांच्या तरुणांनी अंकाची होळी केली. आरोप पुरता खरा होता असं मी मानत नाही, पण निराधारही नव्हता. दोन रसिक, मराठी जाणणारी, भरपूर वाचलेली माणसं मुंबईत बसून एक साचा घडवू शकत असतील, तर सगळ्या जगाचे खर्डे त्याच दोन-तीन यंत्रांतून निघू लागले तर काय होईल?

काय होईल याची थोडी चुणूक मिळाली आहे. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांनी 2024 साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे तीनशे जणांना आठ वाक्यांची छोटी गोष्ट लिहायला सांगितली. काहींना यंत्राकडून कल्पना घेण्याची मुभा दिली. ज्यांनी कल्पना घेतल्या त्यांच्या गोष्टी वाचकांना जास्त चांगल्या वाटल्या, विशेषतः ज्यांचा हात मुळात कच्चा होता त्यांच्या. पण त्याच गोष्टी एकमेकींसारख्या दिसू लागल्या. प्रत्येकाचा फायदा झाला आणि सगळ्यांचं मिळून नुकसान. हे इतकं नेमकं आहे की मला आमच्या भागातल्या बोअरवेलची आठवण झाली. ज्याने त्याने आपापली बोअर मारली, ज्याचं त्याचं पीक आलं आणि पाणी सगळ्यांचं मिळून खाली गेलं. प्रयोगात यंत्राने फक्त कल्पना दिली होती, लिहिणं माणसाचंच होतं, हेही लक्षात ठेवा. सबंध खर्डाच त्याच्याकडून घेणाऱ्यांचं काय, हा पुढचा प्रश्न.

मराठीच्या बाबतीत या साच्याला आणखी एक पदर आहे आणि तो जरा तांत्रिक आहे. ही यंत्रं अक्षरं वाचत नाहीत. वाक्याचे तुकडे करून वाचतात. हे तुकडे पाडण्याचे नियम ज्या मजकुरावरून ठरले त्यात इंग्रजीचा भरणा प्रचंड. मे 2024 मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने नवी आवृत्ती काढताना स्वतःच नमुना दिला होता : एका साध्या ओळख करून देणाऱ्या मजकुराचे मराठीत आधी 96 तुकडे पडत, आता 33 पडतात; त्याच मजकुराचे इंग्रजीत आधी 27 आणि आता 24. सुधारणा मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तुकडे कमी झाले म्हणून ऐकणं वाढत नाही. यंत्राने मराठी जितकी वाचली त्याच्या कितीतरी पट इंग्रजी वाचली आहे, आणि मराठी खर्डा मागितला की ते इंग्रजीची चौकट उचलून तिच्यावर मराठी शब्द लिंपतं. म्हणून प्रत्येक गोष्ट ‘महत्त्वाची भूमिका बजावते’. म्हणून प्रत्येक लेखात कुणीतरी कशाचा तरी ‘प्रवास’ करतं. आमच्या गावात कुणाला ‘मोटेने ग्रामजीवनात महत्त्वाची भूमिका बजावली’ असं सांगितलं तर तो आधी नाटक कुठलं ते विचारील. अशी वाक्यं सुधारता येतात, असं पूर्वपक्षी म्हणतात. एकेक सुटं वाक्य सुधारतं, हे खरं. चौकट कशी सुधारणार? माझ्या मोटेच्या लेखात मी खटकलेला एकूणएक शब्द बदलला होता आणि तरी सहा कप्पे जागचे हलले नव्हते.

इथे कोऱ्या कागदाच्या मुद्द्याकडे यावं लागतं. पूर्वपक्ष खर्ड्याला कच्चा माल समजतो. जणू लेखकाच्या डोक्यात लेख तयार असतो आणि खर्डा म्हणजे तो कागदावर उतरवण्याची हमाली. मग हमाल कुणीही चालेल. ज्याने चार पानं मनापासून लिहिली आहेत त्याला माहीत असतं की लेख आधी डोक्यात नसतोच. पहिलं वाक्य चुकतं, दुसरं खोडलं जातं, तिसऱ्यापाशी कळतं की आपल्याला वेगळंच म्हणायचं होतं. कोऱ्या कागदाची भीती ही बहुतेक वेळा ‘मला अजून काय म्हणायचंय ते ठरलेलं नाही’ याची बातमी असते. बातमी देणाऱ्याला हाकलून दिल्याने ते ठरत नाही. ते यंत्र ठरवतं आणि आपण मान डोलावतो.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात गीतारहस्य पेन्सिलीने लिहिलं. सुटून आल्यावर सरकार हस्तलिखित परत देईना, तेव्हा घरची मंडळी काळजीत पडली. लोकमान्यांनी सांगितलं म्हणतात, की वह्या सरकारकडे राहिल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढीन. याच्या शेजारी एक आजची नोंद ठेवतो. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधकांनी जून 2025 मध्ये एक अभ्यास मांडला. 54 जणांनी निबंध लिहिले. काहींनी चॅटबॉटच्या मदतीने, काहींनी शोधयंत्राच्या, काहींनी नुसत्या डोक्याने. चॅटबॉटवाल्यांपैकी बहुतेकांना, थोड्याच वेळापूर्वी स्वतःच ‘लिहिलेल्या’ निबंधातलं एक वाक्य धड सांगता येईना. अभ्यास लहान आहे, प्रसिद्ध झाला तेव्हा त्याची तज्ज्ञांकडून तपासणी झालेली नव्हती, आणि वृत्तपत्रांनी त्यावरून ‘मेंदू सडला’ छापाच्या मथळ्यांचा जो धुरळा उडवला तो हास्यास्पद होता. मला त्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. शेवटच्या फेरीत 18 जणच उरले होते. त्यांच्या जागा उलटवल्या. ज्यांनी आधीच्या फेऱ्यांत स्वतः लिहिलं होतं आणि आता पहिल्यांदा यंत्र हाती घेतलं, त्यांची आठवण शाबूत होती. म्हणजे प्रश्न यंत्र वापरण्याचा नाही, ते कधी वापरायचं याचा आहे. अठरा माणसांवरून सिद्धान्त मांडू नये, हे मलाही कळतं. पण पुरावा माझ्या बाजूला झुकलेला आहे एवढं म्हणायला हरकत नसावी.

सही आणि जबाबदारीच्या मुद्द्यात पूर्वपक्षाला कायद्याचा आधार आहे, तो मान्य करतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संगणकाने निर्माण केलेल्या साहित्यकृतीचा लेखक म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. यंत्रालाच सहकर्ता म्हणून नोंदवण्याचा प्रयोगही आपल्याकडे 2020 साली एका चित्राच्या बाबतीत होऊन गेला. नोंदणी झाली आणि नंतर कार्यालयानेच ती मागे घेण्याची नोटीस काढली. तेव्हा कायद्याने लेखक तुम्हीच. पण ‘करणारा’ आणि ‘करवणारा’ हा भेद आपल्याला नवा नाही. यज्ञाचं फळ यजमानाला मिळतं, ऋत्विजाला दक्षिणा. मीमांसकांनी यावर पानंच्या पानं खर्च केली आहेत. फळ यजमानाचं, याबद्दल तक्रार नाही. पण तेवढ्यावरून यजमानाला मंत्र येतात असं कुणी म्हणत नाही.

टंकयंत्राच्या मुद्द्याला एका वाक्यापलीकडे वेळ देणार नाही : टंकयंत्राने माझ्या मोटेचे बैल कधी फिरवले नाहीत.

खंडन झालं. आता माझा पक्ष.

चॅटबॉट वापरू नका असं मी म्हणत नाही. मी रोज वापरतो. मात्र त्याला सहलेखक करू नका, वैतंडिक करा. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणून घेण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि ज्यात माणूस स्वतःचा पक्ष मांडतच नाही, समोरच्याचा फक्त खोडून काढतो ती वितंडा. आपल्या बोलण्यात वितंडवाद ही शिवी आहे. पण श्रीहर्षासारख्या पंडिताने बाराव्या शतकात ‘खंडनखंडखाद्य’ याच हत्याराने लिहिला आणि नैयायिकांना पुढे कितीतरी पिढ्या त्याला उत्तरं देत बसावं लागलं. माणसाला वैतंडिक होणं अवघड जातं, कारण प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी म्हणायचं असतंच. यंत्राला नसतं. त्याने काही पाहिलेलं नाही, ते कुणाच्या बाजूचं नाही, त्याला राग येत नाही आणि रात्री दोन वाजताही ते उपलब्ध आहे. सहलेखक म्हणून जे त्याचं वैगुण्य, तेच वैतंडिक म्हणून त्याचं भांडवल.

अडचण एकच, की त्याची मूळ खोड होयबाची आहे. माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांवरून त्याची घडण होते आणि माणसांना स्तुती पसंत पडते. एप्रिल 2025 मध्ये चॅटजीपीटीच्या एका सुधारणेत ही खुशामत इतकी वाढली की कंपनीला काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. तुम्ही लेख दाखवून ‘कसा वाटला?’ विचारलंत तर तो अप्रतिमच असणार. म्हणून त्याला कामाला लावताना शब्द मोजून वापरावे लागतात. मी लिहितो : तू विरुद्ध पक्षाचा वाचक आहेस. स्तुती नको. एकही वाक्य सुचवू नकोस. जिथे तुला कळलं नाही, जिथे मी पुराव्याशिवाय बोललो, जिथे दोन वाक्यांत विसंगती आहे, तिथे फक्त प्रश्न विचार. तरीही पाच-सहा प्रश्नांनंतर ते हात चोळत पुढे येतंच : ‘हवं असल्यास हा परिच्छेद मी सुधारून देऊ का?’ नको म्हणायचं.

गंमत अशी की या जातीतलं पहिलं यंत्र हेच करत होतं. 1966 साली एमआयटीत जोसेफ वायझेनबॉमने एलायझा नावाचा संगणक-प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याला काही माहीत नव्हतं आणि काही लिहिता येत नव्हतं. समोरच्याचंच वाक्य उलटवून तो प्रश्न करायचा. वायझेनबॉमच्या सेक्रेटरीने एलायझाशी थोडं टंकून झाल्यावर साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. साठ वर्षांत यंत्राला लिहिता येऊ लागलं आणि आपण त्याला प्रश्न विचारायला लावणं विसरलो.

मोटेचा लेख मी पुन्हा लिहायला घेतला. या वेळी वहीत, हाताने. चार दिवस लागले. मग टंकून त्या यंत्रापुढे ठेवला आणि वरच्या अटी घातल्या. चौदा प्रश्न आले. त्यातले नऊ टाकाऊ होते. मोटेचे पर्यावरणीय परिणाम काय, असा एक. दोन-तीन भाषेचे होते, त्यातला एक रास्त : आबा आणि आजोबा ही एकच व्यक्ती का? आणि एक प्रश्न असा होता : ‘मोट वर आल्यावर ती उपडी कोण करतं?’

मला माहीत नव्हतं. लहानपणी शेकडो वेळा पाहिलेली गोष्ट. मोट वर यायची, थारोळ्यात धो धो पाणी पडायचं. मध्ये कुणी असायचं का? गावी थोरल्या चुलत्यांना फोन लावला. अण्णांचं वय आता ब्याऐंशी.

“अण्णा, मोट वर आली की उपडी कोण करायचं?”

“कुनी कशाला करायला पायजे?” अण्णा म्हणाले. “मोट आपसूक रिती हुती. नाडा वरच्या चाकावरनं, सोंदूर खालच्या कण्यावरनं. सोंदूर सोंडंला बांधल्याला. पाण्यातनं वर येस्तवर सोंड ताठ धरून ठेवायचं काम सोंदराचं. वर आली की मोट चाकापातूर चढती आन् सोंड कण्यावरनं थारोळ्यात घुसती. झालं.”

“आणि सोंदूर ढिला असला तर?”

“मग सोंड लोंबती आन् पानी निम्म्या वाटंतच हिरीत. त्यो बांधायचा मान आबांकडंच असायचा. दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हवतं. तुझ्या बापानं एकदा बांधला, तर मोट तीन येळा रिकामी वर आली. आबांनी त्याला नाड्यावरनं उतरवला.”

लेख तिथून सुरू झाला. रिकाम्या वर आलेल्या तीन मोटांपासून. पहिल्या मसुद्यातली पहिली दोन पानं काढून टाकली.

आता कुणी म्हणेल, हीच माहिती यंत्राला विचारली असती तर त्याने दोन वाक्यांत दिली असती. शक्य आहे. सोंदूर कसा काम करतो हे त्याने कुठेतरी वाचलेलंही असेल. पण त्याने उत्तर दिलं असतं तर मी फोन केला नसता, आणि माझे वडील नाड्यावरून उतरवले गेल्याचं कुठल्याच यंत्राच्या पोटात नाही. म्हणून म्हणतो, त्याच्याकडून प्रश्न घ्यावेत. उत्तरं घ्यायला माणसांकडे जावं, पोथ्यांकडे जावं, विहिरीवर जावं.

या पक्षाला अपवाद आहेत, ते प्रामाणिकपणे सांगतो. तहसील कार्यालयात द्यायचा अर्ज, सोसायटीची नोटीस, पावती हरवल्याचं पत्र हे खुशाल यंत्राने लिहावं. तिथे सगळ्यांचं लेखन सारखंच असायला हवं. ज्याला हाताने लिहिणं किंवा अक्षरं जुळवणं शारीरिकदृष्ट्या जड जातं, त्याच्यापुढे मी माझं शास्त्र पाजळणार नाही. आणि कादंबरीत यंत्रच बोलत असेल तर त्याचे शब्द त्यालाच बोलू द्यावेत. जपानच्या रिए कुदान यांना जानेवारी 2024 मध्ये अकुतागावा पुरस्कार मिळाला तेव्हा पाचेक टक्के मजकूर चॅटजीपीटीचा आहे असं त्यांनी सांगितलं आणि गदारोळ झाला. पुढे त्यांनी खुलासा केला की कादंबरीतलं यंत्र जिथे उत्तरं देतं तिथेच तो मजकूर आहे. हे मला लेखकाचं काम वाटतं. पात्राला त्याची बोली देणं म्हणजे तेच.

राहता राहिला माण-खटावातला, नाहीतर मेळघाटातला एखादा मुलगा, जो लिहितो आणि ज्याचं लिखाण वाचायला आसपास कुणी नाही. पूर्वपक्षाची सगळ्यांत मोठी पुण्याई हा मुलगा आहे, आणि त्याच्याबद्दल त्यांचं खरं आहे. आज साभार परत आलेल्या कथेबरोबर चार ओळींची चिठ्ठी पाठवणारे संपादक बोटांवर मोजण्याइतके. त्याला यंत्र जरूर मिळावं. पण त्या पोराकडे जे आहे ते इतर कुणाकडेही नाही, आणि खर्डा यंत्राकडून घे असं सांगितलं की नेमकं तेवढंच त्याच्याकडून काढून घेतलं जातं. त्याला एवढंच सांगावं : आधी तू लिही. वाईट लिही. मग त्याला म्हणावं, भांड माझ्याशी.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा अंक घेऊन गेलो. अण्णांना वाचता येतं, पण डोळे राहिले नाहीत. नातीने लेख वाचून दाखवला. अण्णांनी सगळा ऐकला, मधे एकदा हसले. संपल्यावर म्हणाले, “बैल बराबर चालवलेस. पर नाडा तुटला हुता त्याचं कायबी न्हाई लिवलं.”

नाडा तुटल्याचं मला माहीत नव्हतं. चौदा प्रश्नांतही ते नव्हतं. आणि अंक तर छापून झाला होता.